उंबरठा आणि पूररेषा

दुष्काळाशीं जन्माची ओळख असलेल्या प्रदेशाला पुराची ओळख पटण्यास वेळ लागतो. मराठवाड्यांत पाऊस हा बहुधा वाट पाहण्याचा विषय. त्याच्यापासून घर राखण्याचा विचार सहसा मनांत येत नाहीं. १९७२ चा दुष्काळ घरोघरीं सांगितला जातो. परंतु पुराचें पाणी कोणत्या भिंतीला कितव्या थरापर्यंत लागलें होतें असें विचारलें, तर दोन वृद्धांचीं दोन उत्तरें येतात. वस्तुतः हीं दोन संकटें एकमेकांपासून फार दूर नसतात. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरअखेर त्याच मुलुखांत मांजरा नदी पात्र सोडून शेतांत शिरली. ज्या घरमालकानें केवळ कोरडीं वर्षें मोजलीं, त्याचा हिशेब अर्धाच राहिला.

परभणी जिल्ह्यांतील पालम हें गांव या दृष्टीनें अभ्यासण्यासारखें आहे. तें गोदावरीच्या अगदीं तीरावर वसलेलें नाहीं. नदी त्याच्या उत्तरेकडून वाहते. तिच्या पात्रांतील जांभूळबेट आणि तिच्यावरील दिग्रसचा बंधारा हीं दोन्ही याच तालुक्यांत आहेत. गांवाजवळून वाहते ती लेंडी नदी. म्हणजे या परिसरांतील घरांना दोन पाण्यांचें भय आहे, आणि त्या दोहोंचे स्वभाव निरनिराळे आहेत.

थोरल्या नदीचा पूर बहुधा सांगून येतो. गोदावरीचें पाणी नाशिककडून खालीं येतें आणि पैठणला जायकवाडीच्या धरणांत थांबतें. १९७६ सालीं पुरें झालेल्या या धरणांत सुमारें १०२ अब्ज घनफूट पाणी मावतें. तें भरलें कीं त्याच्या २७ दरवाजांतून पाणी सोडावें लागतें, आणि किती सोडलें तें ‘क्यूसेक’मध्यें जाहीर होतें. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारें २८ लिटर. एक लाख क्यूसेक पाणी अहोरात्र वाहिलें, तर तें साडेआठ अब्ज घनफुटांहून अधिक भरतें. ऑगस्ट २००६ मध्यें जायकवाडींतून सुमारें अडीच लाख क्यूसेक पाणी सोडावें लागलें, आणि पैठणपासून नांदेडपर्यंत नदीकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. सप्टेंबर २०२५ मध्येंहि हा विसर्ग दोन लाखांच्या पुढें गेला. पैठणचें पाणी पालमच्या शिवारापर्यंत पोंचण्यास वेळ लागतो. तेवढ्या अवधींत माणसें, जनावरें आणि धान्य हलवितां येतात. मात्र जायकवाडीचे दरवाजे बंद आहेत एवढ्यावरून निश्चिंत राहतां येत नाहीं. धरणाच्या खालीं, माजलगांवच्या धरणावरून येणारी सिंदफणा मंजरथला गोदावरीस मिळते. आणि मधल्या मुलुखांत पडलेला पाऊस कोणत्याहि दरवाजाची परवानगी घेऊन वाहत नाहीं.

लहान नदीचा पूर मात्र सांगून येत नाहीं. लेंडीसारख्या नदीचें पाणलोट क्षेत्र लहान. वरच्या अंगाला तासभर धुवांधार पाऊस पडला कीं तासा-दोन तासांत पात्र भरतें. अशा पुरानें फळा, आरखेड, घोडा, उमरथडी यांसारख्या गांवांचा पालमशीं असलेला संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. येथें जमिनीचा स्वभावहि ध्यानांत घ्यावा लागतो. उन्हाळ्यांत काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस त्यांत जिरून जातो. भाद्रपदापर्यंत तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचें पाणी पृष्ठावरून धांवूं लागतें. म्हणून जूनमधला जो पाऊस नदीनें निमूटपणें वाहून नेला, तेवढाच पाऊस सप्टेंबरमध्यें पूर आणूं शकतो. ‘एवढ्या पावसानें मागें कांहीं झालें नव्हतें’ हें वाक्य महिना सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

या दोन पाण्यांची गांठ पडते तेव्हां तिसरा प्रकार उद्भवतो. गोदावरी दुथडी भरून वाहत असतां तिला मिळणाऱ्या नदीनाल्यांचें पाणी पुढें सरकत नाहीं. तें मागें फुगतें. या फुगवट्यामुळें पाऊस थांबल्यावरहि पाणी चढत राहतें. ‘आभाळ मोकळें झालें, आतां भय नाहीं’ हा समज नदीच्या संगमाजवळ राहणाऱ्याला महागांत पडतो.

जुन्या वसाहतकारांना हें सारें ठाऊक होतें, असें गांवांच्या रचनेवरून दिसतें. गांवाची वस्ती ती ‘पांढरी’ आणि शेतीची जमीन ती ‘काळी’, हा भेद आपल्याकडे फार प्राचीन आहे. पांढरी बहुधा उंचवट्यावर असते. पिढ्यान् पिढ्या घरें पडून त्यांच्याच मातीवर नवीं उभारल्यामुळें ती आणखी उंच होत गेली. पुढें लोकसंख्या वाढली, गढीच्या आसपास जागा उरली नाहीं, आणि वस्ती उतारानें खालीं, नाल्याच्या कडेला सरकली. जागा सपाट, रस्त्याला लागून आणि स्वस्त. परंतु ती स्वस्त कां होती, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीं क्वचितच विचारला जातो.

धरणें झालीं म्हणजे पूर संपले, ही समजूतहि तपासून घ्यावयास हवी. पालम ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्याच्या राजधानींत २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदीनें हजारों माणसांचे बळी घेतले. वरच्या भागांतील शेंकडों तलावांपैकीं कित्येक फुटले, आणि त्यांचें पाणी पुरांत भर घालीत आलें. पुढें विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानें उस्मानसागर आणि हिमायतसागर हीं धरणें बांधलीं गेलीं. त्यांनीं शहराला मोठें संरक्षण दिलें. तरीहि ऑक्टोबर २०२० मध्यें शहरावरच कोसळलेल्या पावसानें हैदराबादच्या वस्त्या पाण्यांत गेल्या. धरण पुराची धार बोथट करतें. पुराची शक्यता पुसून टाकीत नाहीं.

ही शक्यता मोजण्यासाठीं पूररेषा आंखतात. महाराष्ट्रांत पाटबंधारे खात्यानें १९८९ सालीं यासंबंधीं नियम घालून दिले. साधारणतः पंचवीस वर्षांत एकदां येऊं शकेल अशा पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदां येऊं शकेल अशा पुराची ती लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधील जागेंत घर बांधणें निषिद्ध. निळ्या व लाल रेषांमधील जागेंत बांधकामावर निर्बंध. परंतु ‘पंचवीस वर्षांत एकदां’ या शब्दांनीं पुष्कळांची फसगत होते. यंदा पूर येऊन गेला म्हणजे पुढचीं चोवीस वर्षें मोकळीं, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वर्षीं असा पूर येण्याची शक्यता शंभरांत चार, एवढाच त्याचा अर्थ. आणि मागच्या वर्षीं काय झालें याची नदी आठवण ठेवीत नाहीं. या हिशेबानें निळ्या रेषेवरील घरांत तीस वर्षें राहणाऱ्या कुटुंबाला तेवढा पूर एकदां तरी पाहावा लागण्याची शक्यता शंभरांत सुमारें ७१ आहे. लाल रेषेवरील घराची तीच शक्यता सुमारें २६. बाप घर बांधतो आणि मुलगा त्यांत राहतो, एवढाच हा काळ.

म्हणून घरमालकाच्या दृष्टीनें पुराचा इतिहास म्हणजे केवळ आठवण नव्हे. तो उंचीचा हिशेब आहे. नाशिकला रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढलें, यावरून लोक पुराचें मान सांगतात. गुडघे, कंबर, गळा, या खुणा कोणालाहि उमजतात. तसाच एखादा मारुती, पार, देवळाची पायरी किंवा पुलाचा कठडा प्रत्येक गांवीं शोधतां येतो. जाणत्या माणसांना ‘पूर केवढा होता?’ असें विचारूं नये. ‘पाणी कोणत्या पायरीला लागलें होतें?’ असें विचारावें. दोघांतिघांच्या सांगण्यांतून एक खूण निश्चित झाली, कीं गवंड्याच्या पाण्यानें भरलेल्या पारदर्शक नळीनें ती पातळी टप्प्याटप्प्यानें आपल्या दारापर्यंत आणतां येते. मग ती आपल्या उंबरठ्याच्या वर आहे कीं खालीं, आणि किती, हें बोटानें दाखवितां येतें. वाहत्या पुराचें पाणी वरच्या अंगाला अधिक उंच असतें, म्हणून खूण शक्य तों घराच्या जवळची घ्यावी, आणि मिळालेल्या उंचीवर हात-दीड हात अधिक धरावा.

एवढें कळलें म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतात. नवें जोतें किती उचलावें, धान्याची कोठी आणि विजेचा फलक कोणत्या उंचीवर असावा, घराचे कागद माळ्यावर कोठें ठेवावे, हें अंदाजानें ठरवावें लागत नाहीं. मातीच्या भिंतींची काळजी पाणी उतरल्यावरहि घ्यावी लागते. भिजलेली भिंत पाण्याचा आधार सुटल्यावर ढासळते, म्हणून ती तपासल्याशिवाय आंत निजूं नये. दारासमोरची मोरी गाळानें बुजलेली असेल, तर जोतें उंच असूनहि उपयोग थोडा. आणि रात्रीं पूर आला तर गुरांचीं दावीं कोणी सोडावीं व कोणत्या वाटेनें चढणीकडे जावें, हें आधींच ठरलेलें असावें. कारण फरशीवरून वाहणारें गुडघाभर पाणीहि धडधाकट माणसाला ओढून नेतें.

पूर ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ उरते. दिवाळीच्या आधीं तिच्यावर चुन्याचा हात फिरतो आणि त्या घराचा इतिहास पुसला जातो. तो हात फिरविण्यापूर्वीं त्याच रेघेवर टांकीनें एक खूण कोरावी आणि शेजारीं साल घालावें. पुढें त्या आळींत घर बांधूं पाहणाऱ्या माणसाला आपलें जोतें कोठवर उचलावयाचें, हें त्या खुणेवरून कळेल.