सेल्फ लागतो कशामुळे?

बटण दाबलं, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, आणि बॉनेटखालून नुसतंच टक-टक-टक-टक. पुढे काही नाही. हा आवाज ओळखायला मिस्त्री लागत नाही. आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. डिसेंबरातल्या पहाटे माळशेजकडे निघालेल्या एखाद्या फोर बाय फोरने इथेच मान टाकली, तर चहाच्या टपरीवरचा माणूसही न विचारता सांगेल, ‘दादा, बॅटरी बसली.’ थार नाशकात तयार होते आणि स्कॉर्पिओ-एन चाकणला. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता या फाट्यावरूनच जातो, त्यामुळे अशा गाड्यांची इथे वाण नाही.

आधी त्या टक-टकचंच बघू. सेल्फच्या मोटरवर सोलेनॉइड नावाचा एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. बटण दाबलं की तो आतला दांडा ओढतो, तांब्याचे जाड संपर्क जुळतात आणि मोटरला बॅटरीतून थेट वीज मिळते. बॅटरी अशक्त असेल तर मोटरने वीज मागताच तिचा दाब कोसळतो. दाब कोसळला की सोलेनॉइडची पकड सुटते आणि संपर्क तुटतो. संपर्क तुटला की बॅटरीवरचा भार जातो, दाब पुन्हा चढतो आणि सोलेनॉइड पुन्हा ओढतो. बटण सोडेपर्यंत हेच चालू राहतं. म्हणजे बॅटरी पूर्ण मेलेली नसते. छोटं काम तिला झेपतं, मोठं झेपत नाही, एवढंच.

आणि ते मोठं काम खरंच मोठं असतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापून डिझेल पेटवेल, हे त्याचं तत्त्व. थंडीत घट्ट झालेलं ऑइल आणि ही दाबली जाणारी हवा, दोन्हींशी झगडत सेल्फने इंजिन फिरवायचं असतं. त्यासाठी बॅटरी तीनशे-एक अँपियर देते, अगदी पहिल्या क्षणी त्याहूनही बरेच जास्त. दहा व्होल्टला तीनशे अँपियर म्हणजे तीन किलोवॅट, म्हणजेच चार हॉर्सपॉवर. विहिरीवरची पाच एचपीची मोटर डोळ्यांपुढे आणा. जवळजवळ तेवढी ताकद दोन हातांत उचलता येणाऱ्या एका डब्यातून निघते, तीही महावितरणच्या तारेशिवाय. हे सगळं सेकंदाभरात उरकतं, म्हणून वीज खर्च होते ती मात्र अगदी किरकोळ. सत्तर अँपियर-तासांच्या बॅटरीतला जेमतेम आठशेवा भाग! अल्टरनेटर तो काही मिनिटांत भरून काढतो.

एवढा लोंढा एकदम सोडता यावा म्हणून सेल्फच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. रसायनाला जितका जास्त पृष्ठभाग मिळेल, तितका प्रवाह मोठा. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी याच्या उलट असते: तिच्या प्लेटा जाड, कारण तिला थोडी थोडी वीज तासन् तास द्यायची असते. दिसायला दोघी बहिणी, पण एकीचं काम दुसरीला देऊ नये.

आत मात्र दोघींत शिसंच. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे गुंडाळून सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी केली. आजची बॅटरीही मुळात तीच आहे. एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला शिशाचा डायऑक्साइड, मध्ये ॲसिड. वीज देताना दोन्हींचं लेड सल्फेट होतं, चार्ज करताना ते उलटतं. एका खणाचे सुमारे २.१ व्होल्ट, सहा खणांचे मिळून साडेबारा-पावणेतेरा. शाळेत इथवर शिकवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण हे २.१ व्होल्ट येतात कुठून?

शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. एवढ्या प्रचंड धनभाराला खेटून असलेले आतले इलेक्ट्रॉन ढोबळमानाने प्रकाशाच्या साठ टक्के वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर या गतीने वावरतात. इथे न्यूटनचं गणित तोकडं पडतं, आइनस्टाइनची सापेक्षता लावावी लागते. या वेगाला इलेक्ट्रॉन जणू पाव हिश्शाने जड होतो आणि त्याची कक्षा आकसते. हा परिणाम आतल्या इलेक्ट्रॉनांपुरता राहत नाही. सगळ्यात बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी दोन केंद्राकडे अधिक घट्ट ओढले जातात. शिसं ते दोन सहजी सोडायला तयार नसतं. डायऑक्साइडमध्ये त्याला ते सोडावे लागलेले असतात, म्हणून परत मिळवण्याची त्याची ओढ विलक्षण तीव्र असते. बॅटरीचा दाब म्हणजे मुख्यतः ही ओढ.

राजीव आहुजा, पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित करून २०११ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मांडलं. २.१ व्होल्टांपैकी १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ सापेक्षतेचे! ती वजा केली तर सहा खणांची अख्खी बॅटरी जेमतेम दोन-सव्वादोन व्होल्ट देईल, टॉर्चच्या दोन सेलांपेक्षाही कमी. आवर्त सारणीत शिशाच्या बरोबर वर कथील बसतं. रसायनाच्या दृष्टीने ते शिशाचं भावंडच, तरी कथलाची अशी बॅटरी कुणी वापरत नाही. कथलात प्रोटॉन फक्त ५०, त्यामुळे आतले इलेक्ट्रॉन तेवढे वेगवान नाहीत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटायला वेळ लागला. आइनस्टाइन म्हटलं की कृष्णविवरं आठवतात, बॉनेट नाही.

तशी सापेक्षता या परिसराला नवखी नाही. आळेफाट्याहून खोडद फार लांब नाही, आणि तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पल्सार ताऱ्यांचे ठोके मोजतात. त्या ठोक्यांच्या वेळेतल्या अतिसूक्ष्म फरकांवरून, युरोपातल्या शास्त्रज्ञांच्या जोडीने, भारतीय चमूने जून २०२३ मध्ये अवकाशात पसरलेल्या संथ गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे सापेक्षतेच्याच एका भाकिताचे, पुरावे मांडले. ज्या आळे गावात वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी आहे, तिथल्या लोकांना शिशाच्या तोंडून सापेक्षता ऐकायला जड जाऊ नये.

बॅटरी मरते कशाने? थंडीने, असं सगळ्यांना वाटतं. थंडीत रसायन मंदावतं आणि ऑइल घट्ट होतं, म्हणून दुखणं तेव्हा उघडं पडतं. पण आपल्याकडे खरा घात उन्हाळा करतो. एप्रिल-मेच्या उन्हात, गरम इंजिनाच्या शेजारी, प्लेटांची शिशाची जाळी गंजत जाते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर आणखी वाईट, कारण आधुनिक गाडी कुलूप लावल्यावरही पूर्ण झोपत नाही. चोरीचा अलार्म, चावीची वाट पाहणारा रिसीव्हर, मोबाइलशी बोलणारं यंत्र, हे सगळं मिळून तीसेक मिलिअँपियर जरी ओढत असलं, तरी पन्नास दिवसांत सत्तरची बॅटरी अर्धी होते. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते पूर्ण विरघळत नाहीत.

बदलायची वेळ आली की जुन्या आणि नव्या जीपमधला फरक कळतो. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप सहा व्होल्टवर चालायची आणि बॅटरी गेलीच तर पुढून हँडल मारता यायचं. आजच्या ऑटोमॅटिक गाडीला हँडल नाही, धक्काही चालत नाही. थारमध्ये फोर बाय फोरचा दांडा अजून हाताने ओढायचा असला, तरी स्कॉर्पिओ-एनमध्ये ते काम विजेवर होतं. दाब थोडा खाली आला की ब्रेकचा, स्टिअरिंगचा, फोर बाय फोरचा असे असंबद्ध वाटणारे इशारे एकदम पेटतात. बिघाड एकच असतो, तक्रार मात्र प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे करतो.

पूर्वीचे मिस्त्री गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायचे. इंजिन बंद पडलं नाही तर डायनामो ठीक. आता हा प्रयोग कुणी करू लागला तर त्याचा हात धरावा. बॅटरी हा अल्टरनेटरचे झटके पिऊन टाकणारा मोठा साठा असतो. तो अचानक काढला की बारा व्होल्टच्या गाडीत क्षणभर शंभर व्होल्टांपर्यंत उसळी येऊ शकते, आणि समोर असतात नाजूक संगणक.

म्हणून इंजिन बंद करायचं, चावी गाडीपासून लांब ठेवायची, एक काच उघडी ठेवायची आणि सगळे संगणक झोपेपर्यंत थोडं थांबायचं. पान्याने आधी निगेटिव्ह सोडायची. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. ती आधी सोडली की पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. उलट केलं तर तोच पाना ठिणग्यांसह तापून लाल होईल, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन साठलेला असू शकतो. नवी बसवताना क्रम उलटा, निगेटिव्ह शेवटी. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवरच एक छोटी डबी असते. बॅटरीत किती अँपियर गेले, किती आले, तापमान किती, याचा जमाखर्च ती ठेवते. क्लॅम्प अडकला म्हणून तिच्यावर पेचकस लावून रेटायचं नाही. जम्प स्टार्ट करतानाही काळी केबल बॅटरीच्या खुंटीऐवजी इंजिनाच्या धातूला लावतात. ठिणगी हायड्रोजनपासून दूर राहते, आणि या डबीचा हिशोबही चुकत नाही.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी असते. तिथे स्वस्तातली साधी बसवली तर ती लवकर दगावते. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, त्यामुळे गाडी नाणेघाटाच्या वाटेवर तिरकी झाली तरी ते सांडत नाही. तिला घट्ट धरणारी पट्टी मात्र विसरायची नाही. खडखडाटाने प्लेटांवरचं रसायन झडतं. काही गाड्यांना स्कॅनर लावून नवी बॅटरी बसल्याचं कळवावंही लागतं. नाही कळवलं तर अल्टरनेटर तिला जुनी, थकलेली समजूनच चार्ज करत राहतो. काच एका टचवर वर जात नसेल तर ती पूर्ण खाली-वर करून बटण थोडा वेळ धरायचं. स्टिअरिंगचा दिवा राहिला तर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

दुकानदार जुनी बॅटरी मागतो आणि बिलातून रक्कम वजा करतो, त्यामागे कारण आहे. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि कितीही वेळा वितळवलं तरी शिसंच राहतं. तुमच्या नव्या बॅटरीतलं काही शिसं याआधी एखाद्या ट्रॅक्टरात किंवा एसटीत राबून आलेलं असू शकतं. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाला कदाचित चार पैसे जास्त देईल. पण ती कुणी ओढ्याकाठी फोडून ॲसिड पाण्यात ओतलं आणि प्लेटा उघड्या भट्टीत वितळवल्या, तर तेच शिसं धुरातून आणि धुळीतून आजूबाजूच्या मुलांच्या रक्तात उतरतं.