दुकानासाठी बिलिंग यंत्रणा निवडताना

किराणा, कापड वा औषधांच्या दुकानासाठी संगणकीय बिलिंग यंत्रणा घेताना दुकानदार बहुधा किमतीकडेच पाहतात. मात्र तिची खरी कसोटी लागते ती करदर बदलतात तेव्हा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंचे दर बदलले. असे बदल एकगठ्ठा नोंदविण्याची सोय नसेल, तर प्रत्येक वस्तूचा दर हाताने बदलावा लागतो आणि चुकीच्या आकारणीची जबाबदारी दुकानदारावरच येते.

यंत्रणा व्यवसायाच्या स्वरूपानुसार निवडावी. सुट्या धान्यासाठी ती वजनकाट्याशी जोडता यावी, कापडासाठी मापानुसार साठा दाखवावा, औषधांसाठी बॅच क्रमांक व वापराची मुदत नोंदवावी. इंटरनेट खंडित झाले तरी बिल निघायला हवे.

थर्मल कागदावरील छपाई कालांतराने पुसट होते. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना मात्र हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे साऱ्या नोंदींची प्रत स्वतःकडे घेता येईल, अशी हमी खरेदीपूर्वीच लेखी घ्यावी. वार्षिक शुल्क थकताच जुनी बिले उघडेनाशी झाली, तर स्वस्तातली यंत्रणाही महागात पडते.