खलीफा मामून : ज्ञानाचा आश्रयदाता आणि श्रद्धेचा परीक्षक

हारून-अल्-रशीद हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या, तेव्हापासून वेष पालटून बगदादच्या गल्ल्यांतून हिंडणारा हा खलीफा आपल्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. त्याचा मुलगा अब्दुल्ला अल्-मामून मात्र आपल्याला भेटतो तो इतिहासाच्या उत्तरपत्रिकेतील दोन ओळींपुरता: ‘याने ग्रीक ग्रंथांची भाषांतरे करविली. याच्या काळी विद्येची भरभराट झाली.’ या दोन ओळी खोट्या नाहीत. पण ज्याने ग्रंथ जमविले त्यानेच माणसांना त्यांच्या मतांसाठी बेड्या घातल्या, ही तिसरी ओळ आपण लिहीत नाही. मला या माणसाबद्दल कुतूहल वाटते ते या तिसऱ्या ओळीमुळे.

मामूनचा जन्म इ. स. ७८६ मधला. ज्या रात्री हारून खलीफापदावर आला, त्याच रात्री हा मुलगा झाला, असे इतिहासकार सांगतात. त्याची आई मराजिल ही इराणी दासी. बाळंतपणानंतर लवकरच ती वारली. त्याचा सावत्र भाऊ अमीन सहा-सात महिन्यांनी धाकटा, पण त्याची आई झुबैदा ही खलीफा मन्सूरची नात. तेव्हा वयाने थोरला एक आणि कुळाने थोर दुसरा, असा हा पेच होता. हारूनने तो सोडविण्यासाठी इ. स. ८०२ मध्ये हजच्या यात्रेत दोघांकडून करार लिहून घेतले. आधी अमीन, त्याच्यामागून मामून, आणि तोवर खुरासान प्रांत मामूनकडे. हे कागद काबाच्या पवित्र वास्तूत टांगले. पुढे जे झाले त्याला आपल्याकडील भाऊबंदकी हा शब्द पुरेपूर लागू पडतो. हारून इ. स. ८०९ मध्ये तूस येथे वारला, वर्ष-दोन वर्षांतच अमीनने आपल्या लहान मुलाचे नाव वारस म्हणून पुढे केले, आणि इ. स. ८११ मध्ये युद्ध पेटले. मामूनचा सेनापती ताहिर याने रय शहराजवळ आपल्याहून कितीतरी मोठ्या फौजेचा धुव्वा उडविला. मग वर्षभराहून अधिक काळ बगदादला वेढा पडला. इ. स. ८१३ च्या सप्टेंबरात अमीन मारला गेला.

विजयी झालेला मामून मात्र राजधानीत आलाच नाही. तो दूर मर्वलाच राहिला आणि तेथून त्याने एक विलक्षण निर्णय घेतला. इ. स. ८१७ मध्ये त्याने प्रेषितांच्या वंशातील, शिया पंथीय ज्यांना आपला आठवा इमाम मानतात, त्या अली अल्-रिझा यांना वारस नेमले आणि अब्बासींचा काळा रंग टाकून हिरवा रंग स्वीकारला. बगदादकर खवळले. त्यांनी मामूनचाच एक चुलता, इब्राहीम, यास गादीवर बसविले. हा इब्राहीम नामांकित गवई होता! अखेर मामून राजधानीकडे निघाला. वाटेत वजीर फझल इब्न सहल याचा खून झाला, अली अल्-रिझाही वारले. या दोन मृत्यूंचा मामूनला इतका फायदा झाला की संशयाचे बोट त्याच्याकडे वळल्यावाचून राहिले नाही. इ. स. ८१९ मध्ये तो बगदादेत शिरला आणि थोड्याच दिवसांत काळा रंग परत आला. काही वर्षे लपून राहिलेला गवई इब्राहीम पुढे स्त्रीवेषात पकडला गेला, तेव्हा मामूनने त्याला क्षमा केली. क्षमा करणे त्याला आवडत असे.

आता विद्येकडे येतो. ‘बैत-अल्-हिक्मा’ म्हणजे ज्ञानगृह. त्याचे वर्णन आपल्या पुस्तकांत एखाद्या विद्यापीठासारखे केलेले असते. अलीकडच्या काही अभ्यासकांना ते मान्य नाही. त्यांच्या मते ते मुख्यतः राजवाड्यातील ग्रंथालय होते. पण इमारतीवरून वाद कशाला? कामे समोर आहेत. अल्-ख्वारिझ्मीने बीजगणितावरचा आपला ग्रंथ मामूनला अर्पण केला. याच ख्वारिझ्मीने भारतीय अंकपद्धतीवरही लिहिले. त्याची ज्योतिषकोष्टके ‘सिंदहिंद’ परंपरेतली, म्हणजे मामूनचा पणजोबा मन्सूर याच्या वेळी भारतातून बगदादला पोचलेल्या सिद्धान्तग्रंथाच्या आधाराची होती. आपला शून्य युरोपात गेला तो या वाटेने.

मला सर्वांत आवडते ते पृथ्वी मोजण्याचे काम. मामूनने विद्वानांना सिंजारच्या सपाट माळावर पाठविले. तेथे त्यांनी ध्रुवाची उंची मोजली, आणि ती एक अंशाने बदलेपर्यंत दोऱ्या व मेखा लावीत सरळ उत्तरेला व दक्षिणेला चालत गेले. एका अंशाचे अंतर सुमारे ५६ २/३ अरबी मैल निघाले. त्याला ३६० ने गुणले की पृथ्वीचा परीघ आला. टॉलेमीने लिहून ठेवलेला आकडा होताच, पण खलीफाला तो पुन्हा मोजून हवा होता. याखेरीज बगदाद व दमास्कस येथे त्याने आकाशाचे वेध घेवविले.

अशा चिकित्सक राजाने शेवटी काय करावे? इ. स. ८३३ मध्ये त्याने बगदादच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले की काझी आणि विद्वान यांना बोलावून एकच प्रश्न विचारावा: कुराण हे निर्मित आहे की अनादी? मुअतझिला या तर्कवादी पंथाचे मत असे की, देवाखेरीज दुसरे काही अनादी मानले तर देवाच्या एकत्वाला बाध येतो, म्हणून कुराण निर्मितच. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील वेदांच्या नित्यत्वाचा वाद आठवेल. तो वाद शतकानुशतके चालला, पण राजाज्ञेने मिटविला गेला नाही. मामूनने मात्र आज्ञाच काढली. जो निर्मित म्हणणार नाही त्याची साक्ष न्यायालयात चालायची नाही. या चौकशीला ‘मिहना’ म्हणतात.

बहुतेकांनी मान तुकविली. त्यांत नावाजलेले विद्वान होते, आणि मी त्यांना हसणार नाही. शेवटी चौघे उरले. बेड्या पडल्यावर त्यांतलेही दोघे नमले. उरले अहमद इब्न हन्बल आणि महंमद इब्न नूह. ‘कुराण हे ईश्वराचे वचन आहे’ यापलीकडे इब्न हन्बल एक शब्द बोलेनात. दोघांना साखळदंडांत घालून, बायझंटाइन सरहद्दीवर मोहिमेत असलेल्या खलीफाकडे रवाना करण्यात आले.

काहीजण म्हणतात, मामूनला अडाणी धर्मवेडापासून तर्काचे रक्षण करायचे होते. मला ते पटत नाही. त्याच्या पत्रांत सामान्य जनांविषयी उघड तुच्छता आहे. शिवाय धर्मात अखेरचा शब्द खलीफाचा की पंडितांचा, हा खरा झगडा होता. आपले नाव मोठे करण्याची हौसही त्याला होतीच. जेरुसलेमच्या घुमट-मशिदीवर अब्दुल मलिकचे नाव होते, ते काढून मामूनचे घालण्यात आले. पण हिजरी ७२ हे जुने वर्ष तसेच राहून गेले, त्यामुळे लबाडी आजही वाचता येते!

ते दोन कैदी खलीफासमोर पोचलेच नाहीत. इ. स. ८३३ च्या ऑगस्टमध्ये मामून छावणीतच आजारी पडून वारला. वय सत्तेचाळीसच्या आत. तार्सूस येथे त्याला पुरले. कैद्यांना माघारी फिरविले आणि परतीच्या वाटेवर इब्न नूह मरण पावला. मामूनच्या मागून आलेला त्याचा भाऊ मुतसिम याने इब्न हन्बल यांना फटके मारविले, तरी ते बधले नाहीत. पुढे मुतवक्किलने ही चौकशी बंद केली. इब्न हन्बल इ. स. ८५५ मध्ये बगदादलाच वारले, आणि सुन्नी पंथाच्या चार विधिशाखांपैकी एक आज त्यांच्या नावाने चालते.