हौसेचा तलाव, जोखमीचा बांध

सिंदखेडराजाला आलेला माणूस जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकवतो, लखुजी जाधवांची समाधी पाहतो आणि बहुधा तिथूनच माघारी फिरतो. गावचे तलाव पाहायचे राहून जातात. मोती तलावाच्या बांधाचा दर्शनी भाग जाधवांच्या काळात किल्ल्याच्या तटासारखा दगडी बांधला गेला. चांदणी तलावात तर पाण्याच्या मधोमध तीन मजली वास्तू उभी आहे. ती पाहिली की हे पाणी केवळ पिकांसाठी अडवलेले नव्हते, हे पटते. बुलढाणा जिल्ह्यात हौसेने पाणी अडवण्याची रीत इतकी जुनी आहे.

आज ती हौस वेगळ्या रूपात दिसते. शेतातल्या नाल्यावर मातीचा बांध घालायचा, मागे साठलेल्या पाण्यात मासळी सोडायची, काठावर झोपड्या उभारायच्या आणि हिवाळ्यात हुरड्याला पाहुणे बोलवायचे. यात गैर काही नाही. कोरडवाहू मुलखात डोळ्यांपुढे पाणी असण्याचे सुख तिथल्या माणसालाच कळते. प्रश्न एवढाच, की त्या बांधाची राखण कोण करतो?

सरकार करत असेल, असे वाटू शकते. पण 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याचा रोख मोठ्या धरणांवर आहे. पंधरा मीटरहून उंच धरणे त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरची धरणे येतात ती लांबी 500 मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर अशा काही अटींत बसली तरच. पाच-सहा मीटरचा खासगी बांध या कक्षेबाहेर राहतो. त्याच्याकडे ठरल्या वेळी कुणी अभियंता फिरकत नाही. पाहणारा एकच, मालक. खाली वस्ती असेल, तर तिचा जीवही त्याच्याच डोळ्यांवर अवलंबून असतो.

मातीचा बांध फुटण्याच्या मुख्य तऱ्हा दोन: पाणी माथ्यावरून जाते किंवा पोटातून जाते.

माथ्यावरून जाते ते सांडवा अपुरा किंवा बंद असल्यामुळे. तो बंद करणारा बहुतेकदा मालकच असतो. मासळी वाहून जाऊ नये म्हणून सांडव्यावर जाळी ताणतात. पहिल्या पुरात तिला काडीकचरा अडकतो आणि जाळीची भिंत होते. कुणी हातभर पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचतो. हे हातभर पाणी फार महाग पडते. सांडव्याची पातळी आणि बांधाचा माथा यांतले अंतर पुरासाठीच मोकळे ठेवलेले असते. ते खाऊन टाकले की ढगफुटीच्या रात्री पाणी माथा ओलांडते, मागच्या उतारावरची माती कापत सुटते आणि काही तासांत खिंडार पाडते.

पोटातून जाणारे पाणी अधिक कपटी. आपल्याकडच्या बांधात मधला गाभा काळ्या मातीचा आणि बाहेरचे आवरण मुरमाचे असते. काळी माती पाणी अडवते, पण उन्हाळ्यात वाळली की भेगाळते. त्यातच घुशी आणि खेकडे बिळे करतात. शोभेसाठी बांधावर झाडे लावली, तर ती पुढे वाळल्यावर मुळे कुजून आत पोकळ नळ्या उरतात. मोटारीचा पाइप बांधातून आरपार नेला, की त्याच्या कडेने पाण्याला आयती वाट मिळते. बांधावर शोभते ती हरळी. तिची मुळे माती धरतात, आणि गवत आखूड राखले तर बिळे लगेच नजरेस पडतात.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. खेकड्यांमुळे गळती झाली, असे तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले आणि लोक संतापले. तो संताप रास्त होता. खेकडे बिळे करतात हे खरेच. पण बीळ शोधून बुजवणे हेच तर राखणीचे काम. धरण गळते आहे, हे गावकऱ्यांनी आधीच कळवले होते.

म्हणून तलाव भरल्यावर बांधाच्या मागच्या पायथ्याने चालावे. थोडा पाझर असतोच. तो स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहायचे. बादली लावावी, भरायला किती वेळ लागला ते पाण्याच्या पातळीसह वहीत लिहावे. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर पाझर वाढतो आहे. पाणी गढूळ झाले, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. अशा वेळी घाबरून मागच्या बाजूला चिकणमातीचा लेप देणे घातक, कारण पाणी आत कोंडून दाब वाढतो. आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असे थर घालावेत, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. जोडीला तलावाची पातळी बेताबेताने उतरवावी; एकदम उपसा केला तर आतला ओला उतारच घसरू शकतो. अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे आणि नाल्याकाठच्या घरांना लगेच सावध करावे. त्यांचे फोन नंबर पावसाळ्याआधीच लिहून ठेवलेले हवेत.

गाळाबद्दलही बोलायला हवे, कारण या जिल्ह्याने त्यात नाव कमावले आहे. तलावांतला गाळ आणि मुरूम काढून महामार्गाच्या भरावाला वापरायचा, त्यातून तलाव खोल करायचे, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ राज्याबाहेरही चर्चेत आला. काम मोलाचेच आहे. मात्र खासगी तलावात जेसीबी उतरवला, की चालक बांधाच्या कडेपर्यंत खणत येतो. तिथला साचलेला गाळ तळातून होणारा पाझर रोखत असतो आणि तिथली माती बांधाला आधार देत असते. बांधापासून किती अंतर सोडायचे, हे अभियंत्याकडून ठरवून घेऊन चुन्याची रेघ मारावी, मगच यंत्र सुरू करावे.

आणि राखण होणारच नसेल, वारस शहरात गेले असतील, तर तलाव तसाच सोडून देऊ नये. उन्हाळ्यात तलाव कोरडा असताना अभियंत्याच्या सल्ल्याने सांडवा खाली घ्यावा किंवा बांधच रीतसर कापून नाला मोकळा करावा. खर्च होतो, जीव हळहळतो. पण ते काम जूनच्या आत व्हायला हवे.