उष्णतेचा संयम

विवाहसराई जवळ आली की त्वचेला तजेला देणाऱ्या उपचारांची चौकशी वाढते. त्यांपैकी एक रेडिओलहरींचा. त्वचेच्या आतील थर विद्युतप्रवाहाला विरोध करतो आणि त्या विरोधातून उष्णता निर्माण होते. तिने कोलेजनचे तंतू आखडतात व पुढील काही महिन्यांत नवे तंतू तयार होतात. मात्र उष्णतेने मर्यादा ओलांडली, तर व्रण उरतो. प्रसंगी त्वचेखालील मेद झिजून खळगा पडतो.

2002 साली अमेरिकेत डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अशा उपकरणास संमती मिळाली. आरंभी एकाच फेरीत अधिक ऊर्जा दिली जाई. पुढे चिकित्सकांनी ऊर्जा घटवून फेऱ्या वाढविल्या. वेदना कमी झाल्या आणि गुणही अधिक आला. त्वचेचा पृष्ठभाग थंड ठेवणारी फवारणी व तापमान मोजणारे संवेदक ही यंत्राची दक्षता होय. तथापि रुग्णाचे ‘चटका बसतो’ हे शब्द तितकेच मोलाचे. म्हणूनच त्वचा पूर्ण बधिर करणे टाळतात.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. तरीही यंत्र कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न उरतोच. पेसमेकर असलेल्यांनी हा उपचार टाळावा; इतरांनी मुहूर्ताची घाई न करता प्रथम त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.