केसांचे घर आणि दारचा पाहुणा

हजरत इब्राहिमांनी आपल्या पुत्राचे बलिदान देण्याची सिद्धता दाखविली, त्या प्रसंगाची स्मृती मुसलमान बांधव बकरी ईदला कुर्बानी देऊन जागवितात. ही कथा आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. परंतु अरब लोकांत याच इब्राहिमांना आणखी एक नाव आहे, ते इकडे फारसे कानी पडत नाही. ते म्हणजे ‘अबू अद्दैफान’, पाहुण्यांचा पिता. अनोळखी पांथस्थ दारी आले तेव्हा इब्राहिमांनी आधी भाजलेले वासरू त्यांच्यापुढे आणून ठेवले. ते पांथस्थ देवदूत होते हे मागाहून उघड झाले, असे कुराण सांगते. अरबस्तानच्या वाळवंटात कळप घेऊन हिंडणाऱ्या बदू लोकांची रीत पाहिली म्हणजे या नावाचा अर्थ उलगडतो. उत्तरेकडील कित्येक टोळ्या तर आपली वंशावळ इब्राहिमपुत्र इस्माइलपर्यंत नेऊन भिडवितात.

बदूचे घर म्हणजे तंबू. त्याला ते ‘बैत अश्शअर’, केसांचे घर, असे म्हणतात आणि ते अक्षरशः खरे आहे. शेळ्यांच्या काळ्या केसांचे सूत कातून त्याच्या लांब पट्ट्या विणावयाच्या आणि त्या एकमेकींस शिवून छत करावयाचे. उन्हात हे कापड विरळ राहून वारा खेळू देते; पाऊस पडताच सूत फुगते, वीण घट्ट होते आणि पाणी आत येत नाही. सूत कातणे, विणणे, तंबू उभारणे व मोडणे ही कामे परंपरेने बायकांची. आतमध्ये एक पडदा असतो. एका बाजूस बायकामुले व चूल, दुसऱ्या बाजूस पुरुष व पाहुणे. पाहुणचाराची कीर्ती पडद्याच्या अलीकडे मिळते आणि त्यासाठीचे कष्ट बहुधा पलीकडे होतात, हेही येथेच नमूद केलेले बरे. आपल्याकडे तरी याहून वेगळे काय असते?

कॉफी मात्र पुरुषांनी, पाहुण्यादेखत करावयाची. लांब दांड्याच्या लोखंडी पळ्यात बिया भाजतात, मग त्या उखळात कुटतात. हे कुटणे तालावर चालते आणि तो ठेका दूरवरच्या तंबूंपर्यंत पोचतो. कोणाकडे पाहुणा आला आहे हे शेजाऱ्यांना त्यावरून समजते, तेच आमंत्रण. कॉफीत साखर नसते, वेलदोडा मात्र हवाच. हा वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानांतला. शतकानुशतके तो अरबी समुद्र ओलांडून तिकडे जात आला आहे. आता ग्वाटेमालाचा मालही पुष्कळ जातो.

वाढणाराने कॉफीचे भांडे डाव्या हातात धरावे, उजव्या हाताने पेला द्यावा. पेल्याला कान नसतो आणि तो तळाशी थोडाच भरतात. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे ‘प्या आणि निघा’ अशी सूचना समजली जाते. पहिला पेला पाहुण्याचा, दुसरा मौजेचा, तिसरा तलवारीचा, असे म्हणतात. तिसरा घेणारा यजमानाच्या संकटात त्याच्या बाजूने उभा राहण्यास बांधला जातो. पुरे झाले की पेला किंचित हलवून परत द्यावा. तोंडाने ‘नको’ म्हणावे लागत नाही.

तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस पाहुण्याचा हक्क असतो. तेवढ्या काळात त्याचे काम काय, हे यजमान विचारीत नाही. एकदा भाकर आणि मीठ पोटात गेले की यजमानाची टोळी त्याच्या जिवाला जबाबदार. शत्रूने जरी तंबूत शिरून आश्रय मागितला, तरी त्याला ‘दखील’ मानून संरक्षण द्यावे लागते. तसे न केले तर साऱ्या घराण्याचे नाक कापले जाते.

जाणकार म्हणतात, हा वाळवंटातील विमाच आहे; आज मी तुला पाणी दिले नाही, तर उद्या मला कोण देईल? हे खरे असले तरी आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. १९४६ ते १९४८ या काळात ‘रिकामा चतुर्थांश’ म्हणून प्रसिद्ध असलेले वाळवंट दोनदा ओलांडणारा इंग्रज प्रवासी विल्फ्रेड थेसिजर याने एका फाटक्या म्हाताऱ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. हा मनुष्य एके काळी आपल्या टोळीतील मोठ्या श्रीमंतांपैकी एक होता. आल्या-गेल्यासाठी उंट कापता कापता तो कफल्लक झाला. ही हकिगत सांगणाऱ्या बदूच्या स्वरात कीव नव्हती, हेवा होता. विम्याच्या हिशेबात हा हेवा बसत नाही.

हातिमताईचे नाव मराठी माणसाला नवीन नाही. होमी वाडियांचा १९५६ सालचा चित्रपट अनेकांना आठवत असेल. तो परी-राक्षसांचा हातिम बाजूला ठेवला, तरी ताई टोळीचा कवी हातिम सहाव्या शतकात खरोखरच होऊन गेला. रूमच्या बादशहाचे दूत त्याचा नामांकित घोडा मागावयास आले, अशी कथा सांगतात. रात्री त्यांना वाढण्यास घरात दुसरे काहीच नव्हते. सकाळी दूतांनी घोड्याची मागणी केली, तेव्हा हातिम म्हणाला की तो तर काल तुमच्या ताटात होता.

आता उंटांच्या जागी मोटारी आल्या आहेत. १९५३ साली सौदी सरकारने टोळ्यांचे कुरणांवरील वंशपरंपरागत हक्क रद्द केले. जॉर्डनमध्ये पेट्राच्या लेण्यांत राहणाऱ्या बदूल टोळीला १९८० च्या दशकाच्या मध्यास उम्म सैहून या नव्या वस्तीत हलविण्यात आले. पेट्रा आणि वादी रम येथील बदूंच्या जीवनपद्धतीला युनेस्कोने २००५ साली मानवतेचा वारसा म्हणून गौरविले. अरबी कॉफीचा मान २०१५ सालचा. सिमेंटच्या घरात पाहुणा येतो तो गल्लीतून, दहा मैलांची तहान घेऊन नव्हे. उखळाचा ठेकाही कमी झाला. पुष्कळ घरांत कॉफी सकाळीच करून थर्मासमध्ये भरून ठेवतात. तरीही पाहुण्यांची खोली निराळी असते. ईदच्या दिवशी कुर्बानीच्या मांसाचे वाटे होतात, घरचा, आप्तशेजाऱ्यांचा आणि गरिबांचा. जॉर्डनमध्ये वाळवलेल्या दह्यात शिजविलेल्या मांसाचा ‘मन्सफ’ भल्या थोरल्या परातीत येतो. पाहुणे तिच्याभोवती उभे राहून उजव्या हाताने जेवतात आणि यजमान बाजूला उभा राहून वाढीत असतो. त्याचे जेवण मागाहून.