झडप उघडतं कोण?

बंगळुरूतल्या के. आर. पुरम स्टेशनाजवळच्या, रुळांवरून जाणाऱ्या केबलच्या पुलाला तिथले लोक 'हँगिंग ब्रिज' म्हणतात. जवळच्या टिन फॅक्टरी थांब्याच्या गर्दीत बस अडकली, की त्या तारा मोजण्यापलीकडे काही काम उरत नाही. मला तेव्हा हृदयाच्या झडपा आठवतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपांच्या पाकळ्यांना अशाच पांढऱ्या, चिवट दोऱ्या असतात. बकऱ्याचं हृदय उभं चिरलं तर त्या सहज दिसतात.

त्या बघून वाटतं, दोऱ्या ओढल्या की झडप उघडत असणार. पण झडप उघडतो तो रक्ताचा दाब. वरच्या कप्प्यात दाब वाढला की पाकळ्या खाली ढकलल्या जातात. खालचा कप्पा आवळला की मागे फिरू पाहणारं रक्तच त्यांना मिटवतं. त्या वेळी पाकळ्या वाऱ्यातल्या छत्रीसारख्या उलटू नयेत, एवढंच दोऱ्यांचं काम. पुलाच्या तारा भार पेलतात, या नुसत्या अडवून धरतात, तेव्हा उपमा इथवरच.

पुरावा हवा तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली कृत्रिम झडप बघा. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. धातूच्या चौकटीत कलणारी एक चकती, बस्स. ना दोरी, ना स्नायू. तरी ती दिवसाला लाखभर वेळा उघडते, मिटते.

'लब-डब' हा आवाजही झडपा उघडण्याचा नव्हे, मिटण्याचा. 'लब' या दोरीवाल्या झडपांचा, 'डब' मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा.

हृदय डावीकडे असतं, हे अर्धंच खरं. ते छातीच्या मध्यावर, उरोस्थीमागे असतं. फक्त त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो. निमुळतं टोक तिथे छातीला ठोकतं, म्हणून हात आपसूक डावीकडे जातो.

आणि घरोघरी पडणारा प्रश्न: हृदय रक्ताने भरलेलं, मग त्यालाच रक्त कमी कसं पडतं? कारण कप्प्यातलं रक्त जाड स्नायूच्या आतपर्यंत पोचत नाही. महाधमनीच्या झडपेच्या किंचित वरून दोन धमन्या फुटतात, त्यांच्यावरच स्नायूचं पोट चालतं. त्यातही डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीला बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं. ठोके फार वाढले, की आधी कमी होतो तो हा विसावा.